मी जन्मलो आणि माणूस चंद्रावर उतरला

चहा आधी घ्या. गरम आहे तोवरच घ्या, कारण मी सांगायला लागलो की लोकांचे कप हातातच राहतात असा आजवरचा अनुभव आहे. आणि आज सांगणार आहे ती फजिती माझी स्वतःची आहे. दुसऱ्याची फजिती काय, कोणीही सांगतो. स्वतःची सांगायला छाती लागते, आणि ती देवानं मला जरा जास्तच दिली आहे. सगळा घोळ त्या छातीनंच केला म्हणा ना!

आमच्या नागपुरातल्या मनीषनगरच्या कॉलनीत फाटकातून आत आलं की वॉचमनच्या खोलीला लागून एक काळा फळा आहे. पूर्वी त्यावर 'उद्या पाणी येणार नाही' एवढंच असायचं. अकरा वर्षांपूर्वी मी त्याचा ताबा घेतला. कोणी दिला नाही, मीच घेतला. रोज सकाळी सहाला खाली उतरायचं, फळा ओल्या फडक्यानं पुसायचा आणि त्यावर दिनविशेष लिहायचा. शाळेत असायचा ना, अगदी तसा. आजच्या तारखेला कोणत्या साली कुठं लढाई झाली, कुठला देश मोकळा झाला, कोणी काय शोधून काढलं.

तारखा म्हणजे माझा हातखंडा. बायकोनं सांगितलेली कोथिंबीर मी विसरतो, पण एक मेला महाराष्ट्र झाला आणि जगभरचे कामगारही त्याच दिवशी सुट्टी घेतात, हे मला झोपेतून उठवून विचारा. पंधरा ऑगस्ट आपला, तसा कोरियाचाही, हे मी आमच्या दूधवाल्याला गेली कित्येक वर्षं सांगतो आहे. तो मान हलवतो आणि दूध ओततो. रशियातली ऑक्टोबर क्रांती आपल्या कॅलेंडरप्रमाणे नोव्हेंबरात येते, कारण त्यांचं कॅलेंडरच मागे होतं, हे मी एकदा लिफ्टमध्ये अडकलो असताना तिघांना समजावून दिलं. दुसऱ्यांच्या देशांच्या तारखा मी अशा उभ्या उभ्या दुरुस्त करायचो, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

ऑफिसात मी चाळीस टेबलांमधलं एक टेबल आहे. तिथं माझ्या अक्षराकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण इथं, त्या फळ्यासमोर, माणसं स्कूटर थांबवून वाचतात. खोटं कशाला सांगू, त्या फळ्यावर माझा जीव आहे.

आणि त्या फळ्यावर वर्षातून एक दिवस माझा स्वतःचा. वीस जुलै. नाव चंद्रकांत लांजेवार. का चंद्रकांत? तर आई नेहमी म्हणायची, "चंद्रावर माणूस उतरला नं, त्याच दिवशी तू झाला." म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर तारीख स्वच्छ: वीस जुलै एकोणीसशे एकोणसत्तर. आता सांगा, अशी तारीख तुमच्या वाट्याला आली असती तर तुम्ही गप्प बसला असता? मी तर दरवर्षी लिहायचो, 'आजच्या दिवशी मानवाने चंद्रावर पहिले पाऊल ठेवले', आणि खाली, अगदी बारीक अक्षरात, 'व श्री. लांजेवार यांनी पृथ्वीवर.'

यंदा तर कॉलनीत छोटं वाचनालय सुरू व्हायचं होतं. पार्किंगच्या कोपऱ्यात दोन कपाटं आणि एक सतरंजी. उद्घाटन कधी? वीस जुलैला. कोणाच्या हस्ते? मला विचारायची गरजच पडली नाही, मीच सुचवलं. निमंत्रणपत्रिका छापल्या. अठरा तारखेला सकाळी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'परवा चांद्रविजयाचा दिवस.'

मागून आवाज आला, "चंदूभाऊ, एक बोलू का?"

वानखेडे मॅडम. बी विंगमध्ये दोन वर्षांपूर्वी राहायला आल्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. हातात भाजीची पिशवी, चेहऱ्यावर राग नाही, लोभ नाही. असली माणसं फार धोक्याची, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

"बोला ना मॅडम."

"तुम्ही तारीख लिहून राहिले ते अमेरिकेची होय. त्यांच्याकडे वीसची रात्र होती, तेव्हा आपल्याकडे एकवीसची सकाळ झाली होती. माणसानं चंद्रावर पाय ठेवला तेव्हा नागपुरात सोमवार होता, सकाळचे साडेआठ वाजून राहिले होते."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, कारण तोवर सहा-सात जण जमले होते. मग मोबाईल काढून बघितलं. मग हसणं थांबवलं. बाई शंभर टक्के बरोबर होती.

आता इथं थांबायला हवं होतं की नाही? 'मॅडम, बरोबर आहे तुमचं' म्हणून खडू खाली ठेवला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही चहा पिऊन घरी गेला असता. पण माझं डोकं संकटात फार वेगानं चालतं. मी तिथल्या तिथं हिशेब लावला. आई म्हणायची, माणूस उतरला त्या दिवशी तू झाला. आई खोटं बोलणार नाही. माणूस उतरला, नागपूरच्या घड्याळाप्रमाणे, एकवीसला. म्हणजे माझा जन्म एकवीसचा. दाखल्यावर वीस आहे, ती चूक शाळेची. गुरुजींनी अमेरिकेची तारीख लिहिली!

मी हे सगळ्यांसमोर जाहीर केलं. एवढ्या वर्षांची चूक मी एका मिनिटात शोधली, याचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण भाऊ, तुमचा जन्म त्याच दिवशीचा, याले पुरावा काय?"

आणि मी काय बोललो माहीत आहे? मी हातातला खडू वर धरून म्हणालो, "मॅडम, माझा जन्म माणूस चंद्रावर पहिल्यांदा उतरला त्या दिवशीचा नसेल, तर हा फळा आणि हा खडू तुमचा. पुरावा एकवीसला माईकवर देतो."

झालं. अकरा वर्षांचा फळा मी असा पणाला लावून मोकळा झालो. वर जाऊन बायकोला सांगितलं. सुनंदा पोळ्या लाटत होती. ती नुसतं म्हणाली, "अहो, मौद्याच्या मावशीले आधी फोन तरी करून विचारा नं."

मौद्याची कुसुममावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. माझा जन्म आजोळचा, मौद्याचा. त्या दिवशी घरात असलेल्यांपैकी आज ती एकटीच हयात आहे. माझी साक्षीदार तीच होती. पण आधी विचारायचं? छे! साक्षीदाराला आधी विचारलं की तो पढवल्यासारखा बोलतो. साक्ष कशी ताजी हवी. हे मी सुनंदाला समजावून दिलं. ती पुन्हा पोळ्या लाटायला लागली.

मग मी कामाला लागलो. सगळ्या पत्रिकांवर वीसच्या जागी एकवीसच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पोहेवाल्याला सांगितलं, तर्री-पोहे एक दिवस पुढे. बॅनरवर रंगानं शून्याचा एक केला, तो कसाबसा झाला, लांबून कोणालाही सातासारखा दिसायचा. ऑफिसात सुट्टी टाकली. आणि वीस तारखेला, म्हणजे माझ्या जुन्या वाढदिवसाला, गाडी काढून मौद्याला गेलो.

मावशी सत्तरी ओलांडलेली, पण ताठ. नऊवारी नेसून, हातात डबा घेऊन तयारच बसली होती. येताना कळमन्याच्या बाजूला ट्रकांच्या रांगेत अडकलो, तेव्हा तिनं विचारलं, "कोनाचा वाढदिवस म्हनला तू?"

"माझा, मावशी."

"आता?"

"उद्या."

तिनं मांडीवरचा डबा सरळ केला. मग म्हणाली, "तुम्ही शहरातले लोकं काय, कधीबी करता."

मला वाईट वाटलं हो! म्हटलं, वय झालं. बिचारीला आता महिना-वार काही उरलं नाही. पण काळजी वाटली नाही. माणसाला जुनं पक्कं आठवतं, नवं आठवत नाही, हे मी कुठंतरी वाचलं होतं. वाचलं होतं ते खरं होतं, त्याबद्दल वाद नाही.

एकवीस तारीख उजाडली. पार्किंगमध्ये खुर्च्या, सतरंजी, माईक. साठ-सत्तर माणसं. मी नवा कुडता घातलेला. मावशीला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी वानखेडे मॅडम. दोघींचं काय गूळपीठ जमलं कोण जाणे, पोह्यांवर तर्री किती घ्यावी इथपासून त्यांचं बोलणं चाललेलं. मी घड्याळ लावून ठेवलं होतं. आठ वाजून सव्वीस मिनिटांनी माईक हातात घेतला.

काय बोललो मी त्या दिवशी! बोलायला मी कधीच कमी पडत नाही, पण त्या दिवशी तर सूरच वेगळा लागला. म्हणालो, याच क्षणी, नागपूरच्या घड्याळाप्रमाणे, तिकडे एक पाय चंद्राच्या धुळीत पडला आणि इकडे मौद्याला एक बाळ रडलं. दाखला चुकेल, शाळा चुकेल, पण जन्म देणारी माऊली आणि तिची बहीण चुकणार नाही. टाळ्या पडल्या. मी खाली उतरलो आणि माईक मावशीच्या तोंडापुढे धरला.

"सांग मावशी, मी झालो त्या दिवशी चंद्रावर काय झालं?"

"मानूस उतरला," मावशी म्हणाली.

पुन्हा टाळ्या. मी मॅडमकडे बघितलं. त्याही टाळ्या वाजवत होत्या. माईक बंद करून कपाटाची फीत कापायची हीच वेळ होती. पण मला साक्ष आणखी पक्की करायची हौस आली.

"आणि बाहेर धो धो पाऊस होता ना?"

"पाऊस?" मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू तीच मला म्हातारा समजते आहे. "पाऊस कुठचा गा? थंडी होती. तुह्या आईच्या खाटेखाली शेगडी ठेवली होती. घरात कापूस भरला होता, मी त्या ढिगावरच निजली होती. तुळशीचं लगन दोन रोजावर आलं होतं."

तुम्ही कधी भर सभेत, माईक हातात असताना, अंगावरचा नवा कुडता एकदम घट्ट झाल्याचा अनुभव घेतला आहे? मी घेतला.

"मावशी," मी हळूच म्हणालो, पण माईकला हळू कळत नाही, "माणूस चंद्रावर जुलैमध्ये उतरला."

"तो पयल्यांदा. तेव्हा तुही आई पाच महिन्याची पोटुशी होती, मीच तिले हाताले धरून रेडिओपाशी नेली. तू झाला तेव्हा ते दुसऱ्यांदा उतरले. तुह्या आज्यानं बातम्या ऐकल्या आन् म्हने, हे लोकं पुन्हा काहून गेले? काही विसरून आले का तिथं?"

पार्किंग हसलं. नुसती माणसं हसली असं नाही म्हणत मी, पत्र्याचं छप्पर हललं. वॉचमन हसला. पोहेवाला झारा खाली ठेवून हसला. सुनंदा पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली, आणि तिचे खांदे मला पाठीमागून दिसत होते.

वानखेडे मॅडमनी चष्मा लावला, मोबाईलवर बघितलं आणि वर्गात उत्तर सांगावं तसं सांगितलं, "बरोबर आहे मावशींचं. दुसरं यान उतरलं एकोणीस नोव्हेंबरले. आपल्याकडे भर दुपार होती. आणि या खेपेला अमेरिकेची तारीख आणि आपली तारीख एकच आहे, भाऊ. भांडायले जागाच नाही."

"मग दाखल्यावर वीस जुलै कुठून आलं?" हा माझा शेवटचा प्रश्न. बुडता माणूस हात हलवतो तसा.

मावशी म्हणाली, "तुहा बाप शाळेत नाव घालायले गेला. गुरुजीनं विचारलं, पोट्टा कधीचा? तुहा बाप म्हने, चंद्रावर मानूस उतरला तेव्हाचा. गुरुजी मोठा हुशार. पुस्तक नाही, पंचांग नाही, फटकन तारीख लिहून टाकली. तुही आई म्हने राहू द्या, पोरगं चार महिने मोठं झालं तं काय बिघडते."

तुम्हाला वाटेल मला त्या गुरुजींचा राग आला असेल. अजिबात नाही. तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे लख्ख उभा राहिला. सगळ्या तारखा पाठ, समोरच्याला एक प्रश्न जास्त विचारायची सवय नाही, आणि अक्षर सुंदर. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. त्यांच्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरात.

पण मावशीचं संपलं नव्हतं. तिनं माझा कुडता धरून मला खाली वाकवलं आणि विचारलं, "काहून रे, तुही आई तुले दर वर्षी ओवाळे नाही का? तुळशीच्या लग्नाच्या आधी?"

आणि मला आठवलं. आमच्या घरी तुळशीच्या लग्नाच्या आधी, एका संध्याकाळी, आई मला पाटावर बसवायची. निरांजन, सुपारी, गुळाचा शिरा. बहिणींना नाही, फक्त मला. मी विचारलं की म्हणायची, "बस गुपचूप, लागते." मला वाटायचं तुळशीच्या लग्नाची काहीतरी रीत असेल, नवरदेवाकडचा म्हणून मला बसवत असतील. ती गेली त्या वर्षापर्यंत बसवलं तिनं मला. आणि मी, तारखांचा एवढा जाणकार, जुलैमध्ये केक कापत राहिलो. तेव्हा मात्र मला आईची फार आठवण आली. माईक अजून चालू होता, तो आधी बंद केला. कपाटाची फीत मी मावशीच्या हातानं कापून घेतली.

कार्यक्रम संपल्यावर मी फळ्यापाशी गेलो. बोललेला शब्द फिरवणारा माणूस मी नव्हे. खडूची डबी, फडकं, सगळं वानखेडे मॅडमच्या हातात दिलं. मॅडमनी डबी उघडून बघितली, एक खडू काढून घेतला आणि डबी मला परत दिली.

"मले रोज सहाले उठणं जमत नाही, चंदूभाऊ. लिहा तुम्हीच. एकोणीस नोव्हेंबरले तेवढा मी लिहीन."

बघा, किती मोठं मन! मी भारावून गेलो. घरी येऊन सुनंदाला म्हणालो, माणसं अशी असावीत. ती म्हणाली, "एकोणीस नोव्हेंबरले काय काय असते ते पाहून घेतलं का तुम्ही?" मी म्हटलं, माझा वाढदिवस असतो, आणखी काय असायला हवं?

मधल्या काळात मी ऑफिसात जन्मतारखेची चौकशी करून आलो. सेवापुस्तकात आता काही बदल होत नाही. म्हणजे गुरुजींच्या हुशारीनं मी चार महिने आधीच घरी बसणार. असो, फळ्याला वेळ मिळेल.

एकोणीस नोव्हेंबर आला. थंडी पडली होती, खरोखरच पडली होती, मावशीच्या सांगण्याप्रमाणे. सुनंदानं न सांगता पाट मांडला, ओवाळलं, गुळाचा शिरा केला. मी तोच नवा कुडता घातला, वर स्वेटर, आणि ऐटीत खाली उतरलो. फळ्यापुढे ही गर्दी! मी आलो तशी सगळ्यांनी वाट करून दिली. मॅडमचं अक्षर, सांगायला हरकत नाही, माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सवयच आहे तशी.

'आजचा दिनविशेष. जागतिक शौचालय दिन.'

मी थांबलो. मागून कोणीतरी म्हणालं, "वाचा नं भाऊ, पुढे वाचा." मी मोबाईल काढला, बघितलं. खरं होतं. साऱ्या जगानं मिळून ठरवलेला दिवस आहे. मग मी पुढे वाचलं.

'१९६९ : मानव दुसऱ्यांदा चंद्रावर उतरला. कॅमेरा सूर्याकडे वळून बिघडल्यामुळे फारसे कोणी पाहिले नाही. त्याच दिवशी आपल्या कॉलनीचे श्री. चंद्रकांत लांजेवार यांचा जन्म.'

आणि खाली, अगदी बारीक अक्षरात, जिथं मी अकरा वर्षं माझं नाव लिहीत आलो त्याच जागी:

'वरील माहितीत चूक आढळल्यास मौद्याच्या मावशींना विचारावे. लांजेवारांना विचारू नये.'